पाच पौंडांचा पहारेकरी: एका मध्ययुगीन सोंगटीची ओळख कशी पटली

१९६४ साली एडिंबरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं त्याच शहरातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून एक छोटी कोरीव सोंगटी ५ पौंडांना घेतली. खरेदीच्या वहीत त्यानं एका ओळीत नोंद केली: जुनी, वॉलरसच्या सुळ्याची, योद्ध्याच्या रूपातली बुद्धिबळाची सोंगटी. २ जुलै २०१९ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ती ७,३५,००० पौंडांना गेली.

ही बातमी तेव्हा जगभर फिरली आणि 'घरात घबाड निघालं' या सदरात जमा झाली. लॉटरीच्या बातमीसारखी लोकांनी ती वाचली आणि सोडून दिली. या धंद्यात असणाऱ्यांनी मात्र ती पुन्हा उघडून पाहावी असं मला वाटतं. ज्या गोष्टी २०१९ मध्ये त्या सोंगटीवर दिसत होत्या, त्या सगळ्या १९६४ मध्येही दिसत होत्या. विकणारा व्यापारी होता, घेणाराही व्यापारी होता. म्हणजे दोन कसलेल्या नजरांखालून ती गेली. तरी ओळख पटली नाही ती कशामुळे, आणि पुढे पटली ती कशाच्या जोरावर?

आधी त्या वहीतल्या नोंदीला न्याय दिला पाहिजे, कारण तिच्यात चूक एकही नाही. वस्तू जुनी होती. माल वॉलरसच्या सुळ्याचाच होता. हत्तीचा दात, वॉलरसचा सुळा, देवमाशाचा दात आणि साधं हाड यांतला फरक ओळखणं सोपं नाही, भले भले फसतात. या माणसानं तो बरोबर ओळखला. आकृती योद्ध्याची आहे हेही बरोबर, आणि ती बुद्धिबळातली आहे हेही बरोबर. दहापैकी नऊ दुकानदारांनी 'हस्तिदंती बाहुली' एवढंच लिहिलं असतं. मग राहिलं काय? काळ राहिला, ठिकाण राहिलं, आणि हिची भावंडं कुठं आहेत हा प्रश्न राहिला. गंमत अशी की यातली ११ भावंडं तेव्हा एडिंबरातच, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पुरातन वस्तुसंग्रहालयात मांडलेली होती. दुकानातून चालत जाता आलं असतं.

व्यापारी वारल्यावर सोंगटी त्याच्या मुलीकडे आली. तिला त्या आकृतीचं फार अप्रूप. हिच्यात काहीतरी खास आहे, कदाचित जादूचंसुद्धा, असं तिला वाटायचं. एका लहानशा पिशवीत गुंडाळून तिनं ती खणात ठेवली होती, अधूनमधून काढून पाहायची आणि परत ठेवायची. पुढे कुटुंबातल्या मंडळींनी ती सदबीजकडे दाखवायला नेली. असं रोज कोणी ना कोणी येतं, मूल्यांकन फुकट असतं, आणि आणलेली बहुतेक चीज फारशा किमतीची नसते. युरोपीय शिल्पांचे तिथले तज्ज्ञ अलेक्झांडर केडर यांना खाली बोलावण्यात आलं. हा लुईसच्या सोंगट्यांपैकी एक आहे हे आपल्याला पाहताक्षणी कळलं, असं त्यांनी नंतर वर्तमानपत्रांना सांगितलं.

हे 'पाहताक्षणी' कुठून येतं ते समजण्यासाठी लुईसचा साठा माहीत हवा.

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, त्यांतलं लुईस. तिथं ऊइगच्या परिसरात १८३१ च्या सुमारास वाळूत हा साठा सापडला. आज त्यातल्या ९३ वस्तूंची नोंद आहे: ८२ ब्रिटिश म्युझियममध्ये, ११ एडिंबरात. या ९३ पैकी ७८ बुद्धिबळाच्या सोंगट्या, १४ दुसऱ्या एका पटावरच्या खेळाच्या चकत्या आणि एक पट्ट्याचं बक्कल. बाराव्या शतकाचा शेवट ते तेराव्याची सुरुवात हा त्यांचा सर्वसाधारण मान्य काळ. कोरल्या कुठं, यावर बहुतेकांचं बोट नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमकडे जातं. तिथं अशाच घडणीच्या राणीचा तुकडा सापडला होता, आणि लुईस बेट १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाच्या अमलाखाली होतं. आइसलंडचा दावा करणारेही आहेत. तो वाद रंजक आहे, पण या प्रकरणात त्याचं काम पडत नाही.

काम पडतं ते मोजणीचं. ७८ सोंगट्यांत ८ राजे, ८ राण्या, १६ बिशप, १५ घोडेस्वार, १२ पहारेकरी आणि १९ प्यादी आहेत. आपल्याकडच्या वजिराच्या जागी तिथं राणी, उंटाच्या जागी बिशप, आणि हत्तीच्या जागी पायी उभा, ढाल-तलवारवाला पहारेकरी. चार पूर्ण डाव धरले तर राजे, राण्या आणि बिशप बरोबर भरतात. एक घोडेस्वार कमी पडतो, चार पहारेकरी कमी पडतात, आणि प्यादी तर ६४ पैकी ४५ नाहीत. म्हणजे जगातल्या तज्ज्ञांकडे हरवलेल्यांची एक यादीच तयार होती. पहारेकरी हवे होते चार.

आता सोंगटीकडे वळू. उंची ८.८ सेंटिमीटर, मुठीत बंद होईल एवढी. दाढीवाला माणूस, उजव्या हातात तलवार, डाव्या बाजूला ढाल. डावा डोळा गेलेला. अंग झिजलेलं, रंग काळपट तपकिरी. संग्रहालयातल्या सोंगट्या फिकट, दुधट पिवळ्या आहेत, त्यामुळे हा रंग प्रथमदर्शनी खटकतो. पण इथंच जाणकार आणि नवशिका यांच्यातला फरक दिसतो. ब्रिटिश म्युझियमच्या फ्रेडरिक मॅडननं १८३२ मध्ये या साठ्यावर पहिला सविस्तर लेख लिहिला, त्यात काही सोंगट्यांवर गडद लाल, बीटच्या रंगाची छटा होती अशी नोंद आहे. पांढरा आणि लाल, असे दोन पक्ष. पुढं ती छटा पुसली गेली. ज्यानं फक्त काचेआडच्या सोंगट्या पाहिल्या आहेत त्याला काळपट रंग शंकास्पद वाटेल. मॅडन वाचलेला माणूस मात्र तो रंग पाहून सावरून बसेल, कारण कपाटाबाहेर राहिलेली सोंगटी अशीही दिसू शकते. या रंगावरून बाकीच्यांच्या मूळ रूपाबद्दल काही नवं कळेल, असं केडर यांनीही म्हटलं होतं. अर्थात काळपटपणा हाताळण्यानं येतो, धुरानं येतो, मुद्दाम आणताही येतो. एकट्या रंगावर कोणी निर्वाळा देऊ नये.

मालाची परीक्षा जास्त भरवशाची. वॉलरसचा सुळा आडवा कापला की बाहेरचा थर घट्ट, एकसंध, गुळगुळीत दिसतो, आणि गाभ्यात मात्र ठिपकेदार, ढगाळ, संगमरवरासारखी नक्षी असते. हत्तीच्या दातात ती नसते, तिथं एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हाडात रक्तवाहिन्यांची सूक्ष्म छिद्रं दिसतात. सुळा मुळात अरुंद असल्यामुळे एवढ्या जाडीची आकृती कोरायची तर गाभा कुठे ना कुठे उघडा पडतोच, आणि तळ हे बघायची पहिली जागा. म्हणून असली वस्तू हातात आली की चेहरा बघत बसण्याआधी ती उलटी करावी. नकली माल बहुतेक वेळा इथंच उघडा पडतो. ब्रिटिश म्युझियमच्या दुकानात या सोंगट्यांच्या प्रतिकृती कित्येक वर्षं विकल्या जात आहेत, घराघरांत त्यांचे डाव आहेत. साच्यातून काढलेल्या रेझिनच्या सोंगटीला गाभा नसतो, साच्याची शिवण असते, आणि कोरणीची धार कुठेच नसते. १९६४ च्या व्यापाऱ्यानं वॉलरस असं स्पष्ट लिहून ठेवलं, त्यामुळे प्रतिकृतीची शंका तिथंच निकालात निघते.

मग उरते घडण. लुईसच्या सोंगट्यांचे चेहरे एकदा नीट पाहिले की विसरता येत नाहीत: बटबटीत गोल डोळे, सरळ नाक, खाली उतरलेलं तोंड. काही पहारेकरी तर ढालीची कड दातांत धरून उभे आहेत. पण 'विसरता येत नाहीत' हा काही पुरावा होत नाही. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या तीन अभ्यासकांनी या सोंगट्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात चेहऱ्यांची मापं घेऊन, डोळे-नाक-तोंड यांची ठेवण तुलना करून, त्या एका हातच्या नसून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांच्या आहेत असे गट पाडले. हे काम या प्रकरणात फार मोलाचं आहे. नवी सोंगटी आली की ती 'लुईससारखी' आहे एवढ्यावर थांबावं लागत नाही. ती कोणत्या गटाच्या जवळ जाते, हे विचारता येतं. तज्ज्ञाचा 'पाहताक्षणी' हा अशा शेकडो तुलनांचा डोक्यात मुरलेला साठा असतो. नंतर मात्र प्रत्येक तुलना कागदावर उतरवावी लागते, नाहीतर त्या क्षणाला लिलावाच्या दालनात काडीची किंमत नाही.

किरणोत्सारी कार्बनची चाचणी करा, असं कोणीही म्हणेल. करता येते, पण तिच्या मर्यादा ग्राहकाला आधी सांगाव्यात. नमुना काढायचा म्हणजे ८.८ सेंटिमीटरच्या वस्तूला इजा करायची. दुसरं, समुद्रातल्या प्राण्याच्या अंगात समुद्राचा जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे त्याचं वय प्रत्यक्षापेक्षा साधारण चारेक शतकांनी जास्त दिसतं. ते वजा करावं लागतं, आणि किती वजा करायचं हे त्या त्या समुद्रावर अवलंबून असतं. तिसरी मर्यादा सगळ्यात अडचणीची. चाचणी सांगते ती वॉलरस मेल्याची तारीख. कोरणी कधी चालली हे ती सांगत नाही. जुना सुळा मिळवून त्यावर आज कोरणाऱ्याला ही चाचणी पकडू शकत नाही.

तेव्हा नकल आणि बनावट या दोन शक्यता बाजूला पडल्या, तरी एक तिसरी उरते, आणि वर्तमानपत्रांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. सोंगटी अस्सल मध्ययुगीन आहे, त्याच घडणीची आहे, पण लुईसच्या साठ्यातली नाही, असं असू शकतं का? असू शकतं. याच घराण्यातली एक राणी आयर्लंडमध्ये मीथ परगण्यातल्या दलदलीत मिळाली होती, लुईसचा साठा उजेडात येण्याच्याही आधी. ट्रॉन्डहाइमचा तुकडा वर आलाच आहे. म्हणजे असल्या सोंगट्या उत्तरेकडच्या समुद्रकाठांवर हिंडत होत्या. शिवाय 'चार पहारेकरी हरवले आहेत' हे विधान चार पूर्ण डाव पुरले होते या गृहीतकावर उभं आहे. ते चारही कधी त्या वाळूत नव्हतेच, असंही म्हणता येईल.

इथं वस्तूचा मागचा प्रवास कामाला येतो. १८३१ मध्ये साठा लुईसहून निघून एडिंबरात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो तिथल्या पुरातत्त्वप्रेमींच्या सोसायटीपुढे मांडला गेला. सोसायटी पैसे जमवायच्या आत चार्ल्स कर्कपॅट्रिक शार्प या संग्राहकानं १० सोंगट्या गुपचूप उचलल्या, आणि उरलेला माल व्यापाऱ्यानं ब्रिटिश म्युझियमला विकला. पुढे शार्पला आणखी एक बिशप मिळाला, म्हणून त्याचे ११ झाले. हेच ११ फिरत फिरत १८८८ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात पोचले.

तो अकरावा बिशप मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका साक्षीदार वाटतो. साठा एकगठ्ठा हातात आला नव्हता, एखाददुसरी सोंगटी आधीच बाजूला सटकली होती, हे त्यावरून उघड दिसतं. सटकलेल्यांपैकी एक शार्पला सापडली, तर दुसरी कोणाच्या तरी घरात राहून गेली असेल हे म्हणणं ओढूनताणून ठरत नाही. त्यात हा पहारेकरी पुन्हा वर आला तो एडिंबरातच. १८३१ ते १९६४ या १३३ वर्षांचा एकही कागद नाही हे खरं. तरी सगळं जुळवून पाहिलं तर तो साठ्यातलाच असावा याकडे माझा कल जातो. कल म्हणतो आहे, खात्री नाही.

१९६४ च्या नोंदीचं वजनही इथंच कळतं. त्या माणसाला वस्तूचं मोल माहीत नव्हतं, म्हणूनच त्याची नोंद पुरावा म्हणून भक्कम. लाखोंचा माल आहे हे ठाऊक असलेल्या माणसानं लिहिलेलं वर्णन संशयानंच वाचावं लागतं. ५ पौंड देऊन वहीत एक ओळ खरडणाऱ्याला खोटं लिहायचं कारणच नव्हतं. आपल्याकडच्या कित्येक दुकानांत खरेदीची वही म्हणजे आयकरवाल्यांना दाखवायची पीडा समजतात, 'पितळी मूर्ती १ नग' लिहून मोकळे होतात. माल, आकार, कोणाकडून, कधी, केवढ्याला: एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात.

आता पैशांचं. लिलावघरानं अंदाज दिला होता ६ ते १० लाख पौंड. शुल्क धरून आकडा निघाला ७,३५,०००, म्हणजे प्रत्यक्ष बोली अंदाजाच्या खालच्या टोकालाच थांबली असणार. वरच्या टोकाला का गेली नाही? झीज, गेलेला डोळा, आणि कागद नसलेली ती १३३ वर्षं यांचा वाटा त्यात असेल असं मी धरतो. बाजार भावनेनं बोलतो असं म्हणतात, पण तो शंकेचीही किंमत लावतो.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. लिलावघराचा तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी तो विकणाऱ्याच्या बाजूनं उभा असतो. विक्री झाली तर घराला पैसे मिळतात. याचा अर्थ मत खोटं असतं असा नाही, नावावर जगणाऱ्या घराला खोट्या मताचा फटका मोठा बसतो. पण दुसरं मत घ्यायचं तर ते विक्रीशी देणंघेणं नसलेल्याचं घ्यावं: संग्रहालयातले अभिरक्षक, विद्यापीठातले अभ्यासक. संग्रहालयं सहसा किंमत सांगत नाहीत, आणि तेच बरं आहे. 'हे काय आहे' आणि 'याचे किती येतील' हे दोन प्रश्न एकाच माणसाला एकाच दमात विचारले की पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचा वास येतो.

हेच प्रकरण मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घडलं असतं तर गोष्ट फार वेगळ्या वळणानं गेली असती. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं शिल्प पुरावशेष ठरतं, त्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ते देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा येतो, आणि त्यात जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची मर्यादा आहे १० रुपये. वस्तू हत्तीच्या दाताची असेल तर वन्यजीव कायदाही दारात उभा. म्हणजे तज्ज्ञानं 'हे तेराव्या शतकातलं आहे' असं म्हटलं की आपल्या व्यापाऱ्यावर जबाबदाऱ्या आधी येतात, पैसे नंतर, आले तर. त्यामुळे पुष्कळ जण तज्ज्ञाकडे जातच नाहीत आणि वस्तू 'जुनी मूर्ती' या नावाखाली हातोहात फिरत राहते. कायद्याचा हेतू चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ओळख पटवून घेण्याची भीती वाटावी, अशी व्यवस्था वस्तूंच्या हिताची नाही.

२०१९ नंतर लुईसपुरता एक नवा घोळ झाला आहे. हरवलेल्यांची यादी आता प्रत्येकाला पाठ आहे, आणि एका पहारेकऱ्याचा भावही. उरले आहेत तीन पहारेकरी, एक घोडेस्वार आणि ४५ प्यादी. पहारेकरी किंवा घोडेस्वार घेऊन कोणी आलं तर निदान तुलनेला चेहरा आहे, शस्त्रं आहेत, कपड्यांच्या चुण्या आहेत, आणि 'हा इतकी वर्षं होता कुठं' हा प्रश्न आता दसपट कडक विचारला जाईल. प्याद्यांची कथा अवघड आहे. ती माणसाच्या आकाराची नाहीतच, नुसते छोटे घडीव खांब, काहींवर थोडी नक्षी. अशी एखादी वस्तू कुणाच्या खणात पडलेली असली तर घरच्यांना ती सोंगटी आहे हेही कळणार नाही. आणि उद्या ती तज्ज्ञाच्या टेबलावर आलीच, मागचा कागद नसताना, तर जबाबदार माणूस तिच्याबद्दल एवढंच लिहू शकेल: वॉलरसचा सुळा, मध्ययुगीन असण्याची शक्यता, लुईसच्या प्याद्यांशी साम्य.